रुग्णाची भीती आणि आभासी चष्मा

शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री रुग्णालयातल्या खाटेवर पडलेल्या माणसाला सहसा झोप लागत नाही. तो गिरणीकामगार असो, शाळामास्तर असो की प्रांताधिकारी असो, त्या एका रात्रीपुरते सारे एकाच पायरीवर येतात. भूल उतरल्यावर आपण पुन्हा जागे होऊ काय, मध्येच जाग आली तर काय होईल, कापल्यावर आत काय निघेल, आपल्यामागे घराचे कसे होईल, हे प्रश्न कोणालाही चुकत नाहीत. वैद्यकशास्त्राने शस्त्रक्रियेतील वेदनेवर विजय मिळवल्याला पावणेदोनशे वर्षे होत आली. वेदनेआधीच्या या भीतीवर मात्र त्याला तसा विजय मिळवता आलेला नाही. किंबहुना बराच काळ तिची दखल घेण्याची गरजही त्याला वाटली नाही.

अलीकडच्या वर्षांत या भीतीवर एक नवा उपाय पुढे आला आहे. रुग्णाच्या डोळ्यांवर एक बंदिस्त चष्मा चढवायचा, कानांना ध्वनियंत्र लावायचे, आणि त्याला काही मिनिटे दुसऱ्याच जगात न्यायचे. या तंत्राला ‘आभासी वास्तव’ किंवा सर्रास ‘व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी’ असे म्हटले जाते. कोणी त्यातून समुद्रकिनारा दाखवतात, कोणी बर्फाच्छादित दरी, तर कोणी उद्या ज्या शस्त्रक्रियागृहात जायचे आहे तेच आज दाखवतात. अमेरिका, युरोप आणि पूर्व आशियातील रुग्णालयांत त्याचे पद्धतशीर प्रयोग झाले आहेत, आणि ते विकणाऱ्या कंपन्याही उभ्या राहिल्या आहेत.

समाजवादी कार्यकर्त्याने या चष्म्याकडे कसे पाहावे, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. ‘इथे खाटा नाहीत, डॉक्टर नाहीत, आणि चष्मे कसले घेऊन बसलात?’ असे म्हणून तो झटकून टाकणे सोपे आहे. यंत्र आले की प्रगती झाली, असे मानून त्याचे स्वागत करणे त्याहूनही सोपे आहे. परंतु या चष्म्याच्या निमित्ताने एक मूलभूत प्रश्न पुढे येतो. रुग्णाची भीती शमवणे आणि रुग्णाच्या भीतीचे कारण दूर करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यांपैकी कोणत्या गोष्टीसाठी समाज आपला पैसा आणि आपली माणसे खर्च करणार, हा तो प्रश्न होय.

चष्मा काय करतो?

या तंत्राचा जन्म रुग्णालयात झालेला नाही. आयव्हन सदरलंड या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६८ साली डोक्यावर चढवायचे असे एक उपकरण तयार केले. ते इतके अवजड होते की छताला टांगून ठेवावे लागे. १९८० नंतरच्या दशकात जॅरन लॅनियर यांनी ‘व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी’ हा शब्दप्रयोग रूढ केला. पुढे खेळ आणि करमणुकीच्या बाजारपेठेने हे उपकरण हलके केले आणि साध्या मोबाइल फोनच्या किमतीच्या आसपास आणून ठेवले. त्यामागचे तत्त्व अवघड नाही. दोन डोळ्यांना किंचित वेगवेगळी चित्रे दाखवली की मेंदू त्यांतून खोलीचा भास निर्माण करतो. आणि मान वळेल तसे चित्रही वळले की आपण त्या चित्राच्या आत उभे आहोत असे माणसाला वाटू लागते. मानेच्या मागे चित्र जरा रेंगाळले तरी मळमळते, भोवंड येते. म्हणून हे यंत्र प्रत्येकाला मानवतेच असे नाही, आणि अपस्माराच्या रुग्णांबाबत तर विशेष सावधगिरी बाळगावी लागते.

वैद्यकात त्याचा पहिला भरीव उपयोग झाला तो भाजलेल्या रुग्णांसाठी. सिअ‍ॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन या मानसशास्त्रज्ञांनी १९९० नंतरच्या दशकात ‘स्नोवर्ल्ड’ नावाचे एक आभासी जग रुग्णांपुढे ठेवण्यास आरंभ केला. जखमेवरील पट्ट्या बदलताना अफूजन्य औषधे देऊनही या रुग्णांना असह्य यातना होतात. त्या वेळी त्यांना बर्फाच्या दरीतून फिरवले, बर्फाचे गोळे फेकण्यात गुंतवले, तर जाणवणारी वेदना कमी होते असे आढळून आले. माणसाच्या अवधानाची शक्ती मर्यादित आहे. तिचा मोठा हिस्सा दुसरीकडे वळवला की वेदनेच्या वाट्याला थोडा उरतो, अशी त्याची उपपत्ती आहे.

मन अन्यत्र गुंतवून शरीराचे दुःख हलके करण्याची कल्पना जुनीच आहे, आणि तिच्या इतिहासातील एक विलक्षण अध्याय आपल्याच देशात घडला. एप्रिल १८४५ मध्ये हुगळी येथे जेम्स एसडेल या स्कॉटिश शल्यवैद्याने अंडवृद्धीने पीडलेल्या एका कैद्यावर ‘मेस्मेरिझम’चा, म्हणजे ज्याला पुढे संमोहन म्हटले गेले त्याचा, प्रयोग केला. त्यानंतर त्याने या पद्धतीने अनेक शस्त्रक्रिया केल्या, आणि १८४६ साली कलकत्त्यात त्यासाठी प्रायोगिक तत्त्वावर रुग्णालयही उघडण्यात आले. रुग्णाच्या अंगावरून तासन्तास हात फिरवण्याचे कष्टाचे काम त्याचे देशी मदतनीस करीत. परंतु त्याच वर्षी, १६ ऑक्टोबर १८४६ रोजी, बॉस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात विल्यम मॉर्टन यांनी ईथरची भूल जाहीरपणे देऊन दाखवली. दुसऱ्या वर्षी एडिंबरो येथे जेम्स सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्म वापरला. ही औषधे काही मिनिटांत काम करीत. साहजिकच संमोहन मागे पडले.

हुगळीच्या या प्रकरणातून घेण्यासारखे दोन धडे आहेत. मन गुंतवल्याने दुःख हलके होऊ शकते, ही निव्वळ भोंदूगिरी नव्हे, हा पहिला. दुसरा असा की, नव्या उपायाचा पहिला प्रयोग पुष्कळदा ज्याला नकार देण्याची सोय नाही अशा माणसावर होतो. एसडेलचा पहिला रुग्ण कैदी होता, ही गोष्ट विसरता येत नाही.

दोन प्रयोग, दोन निष्कर्ष

शस्त्रक्रियेपूर्वीची भीती ही केवळ मनाची अवस्था नसते. घाबरलेल्या रुग्णाची नाडी जलद चालते, रक्तदाब चढतो, आणि भूल देण्याचे काम अवघड होते. लहान मुलांच्या बाबतीत तर परिणाम अधिक दिवस टिकतात. तोंडावर मुखवटा येताच किंचाळणारे मूल पुष्कळदा भुलीतून उठतानाही आकांत करते. घरी गेल्यावर रात्री दचकून उठते, अंथरूण ओले करू लागते, आणि पांढरा कोट दिसला की रडू लागते. मिडॅझोलामसारखे औषध देऊन मुलाला आधीच गुंगीत न्यायचे, हा यावरील प्रचलित उपाय आहे. परंतु ते औषध पिण्यास मूल तयार होतेच असे नाही, आणि त्याची गुंगी शस्त्रक्रियेनंतरही रेंगाळू शकते. म्हणूनच औषधाविना भीती घालवण्याचे प्रयत्न मुलांपासून सुरू झाले हे स्वाभाविक आहे.

दक्षिण कोरियातील सोल राष्ट्रीय विद्यापीठाच्या बुंदांग रुग्णालयातील असा एक प्रयोग २०१७ साली प्रसिद्ध झाला. ४ ते १० वर्षे वयाच्या ६९ मुलांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी करण्यात आली. एका गटाला नेहमीच्या पद्धतीने माहिती देण्यात आली. दुसऱ्या गटाला चष्म्यातून ४ मिनिटांचे चित्रण दाखवण्यात आले. त्यात तेथील मुलांचा लाडका पोरोरो नावाचा पेंग्विन स्वतःच रुग्ण होऊन शस्त्रक्रियागृहात जातो आणि तेथे काय काय घडते ते समजावून देतो. भूल देण्यापूर्वी मोजलेली धास्ती दुसऱ्या गटातील मुलांत स्पष्टपणे कमी आढळली.

दोन वर्षांनी, २०१९ साली, नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथील सोफिया बालरुग्णालयातील प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात १९१ मुले होती; तेथेही चष्म्यातून शस्त्रक्रियागृहाची आभासी सफर घडवण्यात आली होती. परंतु भूल देतेवेळच्या धास्तीत दोन गटांत काहीही फरक दिसला नाही. एकच गोष्ट निराळी आढळली. घशातील गाठी काढण्यासारखी अधिक दुखरी शस्त्रक्रिया झालेल्या मुलांपैकी साध्या गटातील ९५.७ टक्के मुलांना नंतर वेदनाशामक औषधाचा जादा डोस द्यावा लागला. चष्मा वापरलेल्या गटात हे प्रमाण ५५ टक्के होते.

एका ठिकाणी यश आणि दुसऱ्या ठिकाणी अपयश, यावरून हे तंत्र खरे की खोटे असा निवाडा करणे घाईचे होईल. ज्वरावरील गोळी कोठेही घेतली तरी ज्वर उतरतो. भीतीवरील उपायाचे तसे नसते. रुग्णालयात एरवी माणसाला कसे वागवले जाते, आई जवळ असते की नाही, परिचारिकेला थांबून बोलायला सवड असते की नाही, यांवर त्या उपायाचे मोल अवलंबून राहते. चष्मा हा त्या साऱ्या व्यवहाराचा एक भाग आहे. तो त्या व्यवहाराच्या बाहेर उभा राहून जादू करू शकत नाही.

आणखी एक भेद नीट ध्यानात घेतला पाहिजे. चष्म्याचे दोन उपयोग संभवतात. सिअ‍ॅटलच्या बर्फाच्या दरीने रुग्णाला वास्तवापासून दूर नेले. सोलच्या पेंग्विनने मुलाला त्याच वास्तवाच्या जवळ नेले. जे उद्या घडणार आहे ते आज ओळखीचे करून दिले. पट्टी बदलण्याच्या यातनेत पहिला उपयोग रास्तच आहे. परंतु शस्त्रक्रियेपूर्वी माणूस ज्या अज्ञाताला भितो त्यावर खरा उतारा दुसऱ्या उपयोगात आहे. पहिल्यात रुग्णाचे डोळे झाकले जातात, दुसऱ्यात उघडले जातात.

संवादाचा जुना प्रयोग

अज्ञाताचे भय माहितीने जाते, हे दाखवण्यासाठी चष्म्याची वाट पाहावी लागली नव्हती. ज्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात १८४६ साली ईथर दिले गेले, तेथीलच लॉरेन्स एगबर्ट या भूलतज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. काही रुग्णांना शस्त्रक्रियेपूर्वी गुंगीचे औषध देण्यात आले. काहींना औषध न देता भूलतज्ज्ञ आदल्या दिवशी जाऊन भेटला, आणि उद्या काय होणार ते त्याने समजावून सांगितले. औषध घेतलेले रुग्ण पेंगुळले होते, पण शांत नव्हते. ज्यांच्याशी कोणी बोलले होते ते पेंगुळले नव्हते, पण शांत होते.

१९६४ साली त्याच मंडळींनी पोटाची शस्त्रक्रिया झालेल्या ९७ रुग्णांचा अभ्यास मांडला. त्यांतील एका गटाला नंतर वेदना कोठे व कशी होईल, ती का होते, स्नायू कसे सैल सोडावेत, कुशीवर कसे वळावे हे आधीच शिकवण्यात आले होते. या गटाला अफूजन्य औषध सुमारे निम्मेच लागले. त्यांना घरी कधी सोडायचे हे ठरवणाऱ्या शल्यवैद्यांना कोणता रुग्ण कोणत्या गटातला हे ठाऊक नव्हते. तरी या रुग्णांना सरासरीने अडीच दिवसांहून अधिक लवकर घरी पाठवले गेले. पुढे १९८४ साली रॉजर उलरिख यांनी पेनसिल्व्हानियातील एका रुग्णालयातील पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेच्या ४६ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती ते, ज्यांना विटांची भिंत दिसत होती त्यांच्यापेक्षा, लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली.

म्हणजे भेट, दोन शब्द आणि खिडकीबाहेरचे झाड यांचे औषधी मोल साठ-चाळीस वर्षांपूर्वीच सिद्ध झाले होते. मग जगभरच्या रुग्णालयांत त्यांचा प्रसार का झाला नाही? याचे उत्तर वैद्यकात सापडत नाही. ते अर्थशास्त्रात शोधावे लागते. संवादाचे पेटंट घेता येत नाही. झाडाची सावली डब्यात भरून विकता येत नाही. ज्या वस्तूतून नफा निघतो तिच्या प्रचारासाठी विक्रेते हिंडतात, परिषदा भरतात, लेख लिहिले जातात. परिचारिकेच्या पाच मिनिटांची जाहिरात करण्यात मात्र कोणाचेच हित गुंतलेले नसते.

यात आणखी एक आर्थिक नियम काम करतो. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन यांनी १९६६ साली नाट्य आणि संगीत यांच्या अर्थकारणाचा अभ्यास करताना दाखवून दिले की, जेथे माणसाचा वेळ हीच मूळ सेवा असते तेथे यंत्राने उत्पादकता वाढत नाही. पण वेतन मात्र इतर क्षेत्रांच्या बरोबरीने वाढवावेच लागते. परिणामी अशी सेवा इतर वस्तूंच्या मानाने दिवसेंदिवस महाग वाटू लागते. शुश्रूषा ही अशीच सेवा आहे. हिशेबनिसाच्या वहीत परिचारिकेचे पद दरसाल जड होत जाते आणि चष्मा दरसाल स्वस्त होत जातो. तेव्हा ‘बोलण्याचे काम चष्मा करील, पद रिक्तच राहू द्या’ असे म्हणण्याचा मोह व्यवस्थापनास होणारच. मग ते खासगी असो वा सरकारी. चष्म्याचा खरा धोका येथे आहे.

भीती खरी असेल तर?

भीती घालवण्याच्या उपायांचा विचार करताना ती भीती नेहमीच निराधार असते असे गृहीत धरले जाते. हे गृहीतच तपासले पाहिजे. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात कुटुंबनियोजनाच्या शिबिरांत स्त्रियांवर नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या. त्यांपैकी एका शिबिरात, वापरात नसलेल्या एका रुग्णालयाच्या इमारतीत, एकाच शल्यवैद्याने काही तासांत ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया केल्या. त्या शिबिरांनंतर १३ स्त्रिया मृत्युमुखी पडल्या. रांगेत बसलेल्या त्या स्त्रियांपैकी कोणाच्या मनात जर भीती दाटून आली असेल, तर ती भीती हा त्या ठिकाणचा सर्वांत शहाणा विचार होता. अशा ठिकाणी कोणी तिच्या डोळ्यांना चष्मा लावून समुद्रकिनारा दाखवला असता, तर तो उपचार ठरला नसता. तो घात ठरला असता. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली देविका बिस्वास यांच्या याचिकेवर निर्णय देताना अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्यास सांगितले. तेथे दोष शिबिराच्या व्यवस्थेत होता, रुग्णाच्या मनात नव्हता.

भीती हा पुष्कळदा न विचारलेला प्रश्न असतो. तो प्रश्न विचारण्याची मुभा आणि त्याचे उत्तर मिळण्याचा अधिकार यांना कायद्यात ‘संमती’ असे म्हणतात. समीरा कोहली यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली स्पष्ट केले की, उपचाराचे स्वरूप, त्यातील धोके आणि त्यास असलेले पर्याय रुग्णाला पुरेसे कळल्यावाचून घेतलेली संमती ही संमतीच नव्हे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ साली तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेतही माहितीचा हक्क अग्रभागी आहे. प्रत्यक्षात मात्र पुष्कळ ठिकाणी इंग्रजीत छापलेल्या कागदावर, वाचून न दाखवता, नातेवाइकाचा अंगठा किंवा सही घेतली जाते. केनेथ अ‍ॅरो यांनी १९६३ साली मांडलेले सूत्र असे की, आरोग्यसेवेच्या बाजारात विकणाऱ्याला जे ठाऊक असते ते घेणाऱ्याला ठाऊक नसते. म्हणून हा इतर बाजारांसारखा बाजार नाही आणि तेथे विश्वासाची जागा किंमत घेऊ शकत नाही. सही घेऊन माहिती न देणे म्हणजे त्या विषमतेवर शिक्कामोर्तब करणे होय.

बिलाची भीती

सुरीच्या भीतीपाठोपाठ दुसरी एक भीती उभी असते, आणि भारतासारख्या देशात ती अनेकदा पहिलीहून मोठी असते. ती म्हणजे बिलाची भीती. शस्त्रक्रियेसंबंधी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाने २०१५ साली असा अंदाज दिला की, सुरक्षित आणि परवडणारी शस्त्रक्रिया व भूल जगातील ५०० कोटी लोकांच्या आवाक्याबाहेर आहे, आणि शस्त्रक्रियेचा खर्च भागवताना दरवर्षी ३ कोटी ३० लाख लोकांचा संसार कोलमडतो. भारतात एकूण आरोग्यखर्चापैकी लोकांच्या खिशातून थेट जाणारा वाटा राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०१३-१४ साली ६४.२ टक्के होता. तो २०२१-२२ साली ३९.४ टक्क्यांवर आला. ही घट स्वागतार्ह आहे. परंतु आजही शंभरातले चाळीस रुपये आजारी माणसाच्या घरातूनच जात असतील, तर त्या घराची झोप उडणारच. सरकारचा आरोग्यावरील खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या २.५ टक्क्यांवर २०२५ पर्यंत नेण्याचे अभिवचन २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने दिले होते. २०२१-२२ साली तो १.८४ टक्के होता. महाराष्ट्रात २०१२ साली सुरू झालेल्या आणि पुढे महात्मा जोतिबा फुले यांचे नाव दिलेल्या जनआरोग्य योजनेने अनेकांना मोठ्या शस्त्रक्रियेचा आधार दिला, हे नाकारण्याचे कारण नाही. पण ठरलेल्या यादीबाहेरचा आजार, महिनाभर बुडालेला रोज आणि सोबतीला थांबलेल्या माणसाची बुडालेली मजुरी यांचा हिशेब अखेर घरालाच मांडावा लागतो.

ब्रिटनमध्ये ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू करणारे समाजवादी मंत्री अ‍ॅन्युरिन बेव्हन यांनी १९५२ साली आपल्या पुस्तकाला ‘इन प्लेस ऑफ फिअर’, म्हणजे ‘भीतीच्या जागी’, असे नाव दिले. आजारपणातील असहायता ही वैयक्तिक दुर्दैवाची बाब नसून सामाजिक व्यवस्थेची बाब आहे, अशी त्यांची धारणा होती. पुढे याच सेवेत दातांच्या कवळ्या आणि चष्मे यांवर शुल्क बसवण्याचे ठरताच त्यांनी १९५१ साली मंत्रिपदाचा राजीनामा दिला. साध्या चष्म्याचे शुल्क हा त्यांना तत्त्वाचा प्रश्न वाटला, कारण एकदा का दारात गल्ला ठेवला की दाराआडची भीती परत येते, हे ते जाणून होते.

मग चष्मा नाकारावा काय?

इतके सारे मान्य करूनही हे तंत्र नाकारणे चुकीचे ठरेल. दुःख सोसणे हा गरिबाचा स्वभावधर्म आहे, त्याला असल्या लाडांची गरज नाही, ही विचारसरणी फार जुनी आणि फार क्रूर आहे. क्लोरोफॉर्म आला तेव्हा प्रसूतिवेदना ईश्वरदत्त आहेत, त्या कमी करू नयेत, असे म्हणणारे लोक होते. १८५३ साली राणी व्हिक्टोरियाने स्वतःच्या बाळंतपणात डॉ. जॉन स्नो यांच्याकडून क्लोरोफॉर्म घेतला आणि तो विरोध ओसरू लागला. राणीला मिळालेली सुटका कष्टकरी बाईपर्यंत पोचायला मात्र पुढे कित्येक दशके जावी लागली. प्रत्येक नव्या उपायाच्या वाट्याला हेच येऊ द्यायचे काय, हा प्रश्न आहे. सरकारी रुग्णालयातील मुलाचे रडणे हे खासगी रुग्णालयातील मुलाच्या रडण्याहून स्वस्त नसते.

शिवाय, चष्म्याचा जो दुसरा उपयोग वर सांगितला, म्हणजे जे घडणार ते आधी दाखवण्याचा, तो आपल्यासारख्या बहुभाषिक समाजात विशेष मोलाचा ठरू शकतो. नंदुरबारहून आलेल्या भिली बोलणाऱ्या आईला किंवा गडचिरोलीहून आलेल्या गोंडी बोलणाऱ्या तरुणाला शहरातल्या रुग्णालयात आपली भाषा बोलणारे कोणी भेटत नाही. वॉर्डातून शस्त्रक्रियागृहापर्यंतची वाट, हिरव्या कपड्यांतील माणसे, तोंडावर येणारा मुखवटा, जाग आल्यावर हाताला दिसणारी सलाइनची नळी, हे सारे त्याच्या बोलीत पाच मिनिटांत दाखवता आले, तर ती एक मोठी लोकशिक्षणाची गोष्ट होईल. असे चित्रण एकदा तयार करण्यास खर्च येतो. त्याची पुढची प्रत जवळपास फुकट पडते. अशी वस्तू समाजाने एकदाच पैसे घालून तयार करावी आणि सर्वांना खुली ठेवावी, हे सार्वजनिक वित्तव्यवहाराचे साधे तत्त्व आहे. ती कंपनीकडून दरसाल परवाना-शुल्क भरून भाड्याने घेणे हा त्या तत्त्वाचा विपर्यास होय. आणि चष्मा नसेल तेथे तेच चित्रण वॉर्डातल्या दूरदर्शन संचावर किंवा परिचारिकेच्या मोबाइलवर दाखवता येईल. भीती कमी करणारा मुख्य भाग माहिती हा आहे. भिंगे ही सोय आहे.

कार्यकर्त्यांनी काय मागावे?

म्हणून या प्रश्नावरील भूमिका स्वागत किंवा निषेध अशा एका शब्दात मांडता येणार नाही. ती अटींच्या स्वरूपात मांडावी लागेल. पहिली अट अशी की, शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञ अथवा प्रशिक्षित परिचारिका यांची रुग्णाशी त्याला समजेल त्या भाषेत भेट झालीच पाहिजे, आणि चष्मा त्या भेटीनंतरच यावा. ज्या रुग्णालयात परिचारिकांची मंजूर पदे रिक्त आहेत, तेथे ती भरण्यापूर्वी चष्म्यांची खरेदी होऊ नये. दुसरी अट खरेदीची. विक्रेत्याच्या माहितीपत्रकावर विसंबून न राहता सार्वजनिक वैद्यकीय महाविद्यालयांनी स्वतः चाचणी घ्यावी, आणि निष्कर्ष प्रतिकूल आला तरी तो प्रसिद्ध करावा. रॉटरडॅमच्या संशोधकांनी ते केले. तिसरी अट अशी की, ही चाचणी घेताना नकार देणाऱ्या रुग्णाच्या उपचारात तिळमात्रही फरक पडू नये. हुगळीच्या कैद्याची आठवण येथे ठेवावी.

चौथी अट नव्या काळाची आहे. चष्म्याला मानेची हालचाल कळते, हाताचा कंप कळतो, आणि काही प्रकारांत नजर कोठे व किती वेळ थांबली तेही कळते. घाबरलेल्या माणसाच्या या खुणा म्हणजे त्याच्या अंतरंगाची नोंद होय. ती नोंद कोणाच्या संगणकात जाते, किती काळ राहते आणि कोणाला विकली जाते, याचे उत्तर करारात लिहिलेले असले पाहिजे. वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा २०२३ साली झाला आहे. परंतु खाटेवरच्या रुग्णाने स्वतः त्या कायद्याचा आधार घ्यावा अशी अपेक्षा करणे हास्यास्पद आहे. ते काम संघटनेचे आहे.

सरकारी रुग्णालयांत रुग्ण कल्याण समित्या आहेत. त्यांच्या बैठकांना जाणे, तेथे प्रश्न विचारणे, संमतिपत्रे मराठीत आणि स्थानिक बोलीत मिळतात काय हे पाहणे, आणि शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी रुग्णाशी कोण बोलले याची नोंद ठेवण्याचा आग्रह धरणे, ही कामे कोणत्याही तालुक्यातील कार्यकर्त्याला करता येण्यासारखी आहेत. गावातून रुग्णासोबत येणाऱ्या आशा सेविकेला ही माहिती आधी मिळाली, तर निम्मी भीती एस.टी.तच ओसरेल. या कामासाठी ना मोठा निधी लागतो, ना मोर्चा. लागते ती चिकाटी.

यंत्र माणसाची भीती काही मिनिटे दूर ठेवू शकते, आणि त्या मिनिटांचे मोल कमी नाही. परंतु डोळ्यांवरून चष्मा उतरल्यावर रुग्णाला जे जग दिसते ते रुग्णालयाचे, परिचारिकेच्या रिकाम्या खुर्चीचे आणि उशाखालच्या बिलाचे जग असते. त्या जगात बदल घडवण्याचे काम कोणत्याही भिंगाकडे सोपवता येत नाही. ते राजकारणाचे काम आहे, आणि ते ज्यांनी पत्करले आहे त्यांनी रुग्णाच्या भीतीला यापुढे आपल्या कार्यक्रमपत्रिकेवर जागा दिली पाहिजे.